सोळा आवतणं आणि एक मूठ तांदूळ

लग्नघरी गेल्यावर मी दोनच गोष्टी मागते. बसायला पाट आणि समोर भिंत. नवख्या घरच्यांना वाटतं, बाई रुसली, पाठ फिरवून बसली. रुसवा नाही. माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझा आवाज घशातच बसतो. भिंत काही बघत नाही. भिंतीला मी दिवसभर गाऊन दाखवीन.

मी धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या आगरी गावांत लग्न लावते ती धवलारीण. हल्ली भटजीही येतात, मंगलाष्टकं म्हणतात, घड्याळ बघतात आणि पुढच्या लग्नाला जातात. पण मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाला गाणं लागतं. त्याला धवला म्हणतात. ते गाणारी बाई पाटावरून उठली तर लग्न तिथेच थांबतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात येतं. मला ते माझ्या चुलतसासूकडून मिळालं. तिला सगळा गाव बाय म्हणायचा. मी माहेरी तळवलीला चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यामुळे मला लिहिता येतं, पण धवला मी कधी लिहिला नाही. आजही धवला लिहीत नाही. त्या कामात माझ्या हातून झालेली एक चूक लिहिते आहे. बरीच वर्षं ती माझ्याजवळ आहे. बोलायला जाते तर निघत नाही. वहीत निघेल.

धवल्यातलं मोठं काम आवतणाचं. माणसांना लग्नाचं बोलावणं सुपारी देऊन जातं, देवांना गाण्यातून जातं. आमचे देव देवळात राहत नाहीत. गावदेवीला तेवढं पत्र्याचं छप्पर होतं. बाकी कोणी चिंचेच्या बुंध्यात, कोणी विहिरीच्या कडेला, कोणी मिठागराच्या उघाडीजवळ, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची फळी असते तिथे. शेंदूर असेलच असं नाही. परक्याला तिथे दगड दिसतो. आम्ही त्याला ठाणं म्हणतो, म्हणजे तो जिथे राहतो ती जागा. निजलेल्या माणसाला ओलांडत नाहीत, तसं ठाणं ओलांडायचं नाही.

आवतणं सोळा. ती पायवाटेच्या क्रमाने लागतात. पहिलं खाडीच्या मुखाला, मग बांधाबांधाने चेडोबा, उघाडीचा म्हसोबा, विहिरीवरच्या साती आसरा, गावदेवी, आणि शेवटचं डोंगराच्या पायथ्याला वाघोबाला. बसल्या जागी मी सगळं गाव चालून येते. म्हणूनच मध्ये कोणी घाई केली की मला ठेचकाळल्यासारखं होतं. एका लग्नात नवऱ्यामुलाचा मामा पावणे गावच्या कारखान्यात कामाला होता. सारखा मागून म्हणे, "काकी, माजी शिफ्ट हाय. देव जरा शार्टमदी घ्या ना." मी भिंतीकडे बघून प्रत्येक ओळ दोनदा म्हटली. त्याची शिफ्ट गेली असणार. देव कोणी राहिला नाही.

आता खरी गोष्ट.

आवतणं सोळा, पण पाहुणे सतरा. नववं आवतण झालं की धवलारीण एका ओळीइतकी गप्प राहते आणि मूठभर तांदूळ पाटाच्या कडेखाली सारते. लोकांना वाटतं, बाई दम घेते आहे. ती दम घेत नाही. ती सतराव्याला बोलावते. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारीच्या बांधाला जिथे बाक येतो, तिथे तो बसलेला आहे. त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, आयुष्यात एकदाच पुढच्या धवलारणीच्या कानात सांगायचं. बायने ते मला भात झोडताना सांगितलं. मी विचारलं, "का गो बाय, असं का?"

ती म्हणाली, "त्याला हाक मारली का तो उठतो. येकदा उठला का परत बसत नाय. आन तो बसलाय म्हनून बांध हाय."

पुढच्या वर्षी बाय गेली. मग ते नाव ठाऊक असलेली मी एकटीच उरले.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळीकडे खुंट्या होत्या. शेतात खुंट्या, मिठागरात खुंट्या, खळ्यात खुंट्या. नवं शहर येणार, असं सांगायचे. रस्त्याच्या वरच्या अंगाला कारखाने आलेच होते. एक दिवस ट्रकमधून नळ उतरले. नळ म्हणजे कसले, म्हैस आत उभी राहील एवढे, आतून-बाहेरून काळे. डोंगरापलीकडून धरणाचं पाणी कारखान्यांना आणि नव्या शहराला न्यायचं होतं. आमच्या गावाला मात्र एकच गोडी विहीर. शिमग्यानंतर तिचाही तळ दिसायचा. आम्ही बायका खरवडून पाणी भरायचो आणि ते नळ बघायचो. शेजारची मथी, तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. ती म्हणायची, "बगून घे गो चांगुने. आपल्या दारातशी गंगा चाललीय, दुसऱ्याच्या घरी."

तरी पाण्यासाठी कोणी भांडलं नाही. भांडण लागलं ते लाल रंगावरून. नळ जायच्या वाटेवर पाणीखात्याच्या साहेबांच्या माणसांनी दगडांना लाल खुणा केल्या. त्यातली एक साती आसरांच्या पायरीवर आणि एक चेडोबाच्या पाठीवर. गावात आग लागल्यासारखं झालं. माझा चुलतदीर पांडूदादा पंचांत होता, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने दवंडी दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळे खणलेल्या चरात जाऊन बसले, बापये एका बाजूला, बाया एका बाजूला. मी बायांच्या मागे, मथीच्या पाठीआड. घोषणा झाल्या तेव्हा मी नुसते ओठ हलवले. खोटं कशाला लिहू.

चार दिवस आम्ही बसलो. भाकऱ्या तिथेच. लहान पोरं नळाच्या आत ओरडायची आणि घुमणारा आवाज ऐकून हसायची. तिसऱ्या दिवशी पोलीस आले, उभे राहिले, ऊन लागलं तशी त्याच नळांच्या सावलीला जाऊन बसले. चौथ्या दिवशी मोठे साहेब आले. साहेब वाईट नव्हते, पण उभ्याउभ्या बोलायचे.

"प्रत्येक दगड तुमचा देव म्हटला तर नळ आकाशातून न्यायचा का? कागद दाखवा. कुठे कोणता देव आहे, नोंद आहे का?"

पांडूदादाकडे कागद नव्हता. कोणाकडेच नव्हता. सातबाऱ्यावर शेताचं नाव असतं, खळ्याचं असतं. ठाण्याचं कोण लिहून ठेवणार?

साहेबांच्या मागे त्यांचा ओव्हरसियर उभा होता, गायकवाड नावाचा, मराठवाड्याकडचा, उन्हाने रापलेला. तो हळूच म्हणाला, "साहेब, कागद नसला तरी कोणाला तरी पाठ असेल. गावात असतं कोणीतरी."

पांडूदादाने वळून आमच्याकडे बघितलं. मथी बाजूला सरकली आणि मी उघडी पडले.

"वयनी," पांडूदादा म्हणाला, "तू गा. गात गात चाल. आमी मागशी येतो."

लग्न नाही, मांडव नाही, पाट नाही, भिंत नाही. भर उन्हात, साहेब लोकांपुढे. मी मान हलवून नाही म्हटलं. मथी कानात म्हणाली, "पदर वड तोंडावर. तीच तुजी भित."

मी पदर नाकाच्या खाली ओढला. पुढे फक्त पायाखालची माती दिसत होती. खाडीच्या मुखाशी जाऊन पहिली ओळ लावली. आवाज फाटला. दुसऱ्यांदा लावली. मग पाय चालायला लागले तसा आवाजही लागला. मागे सगळं गाव, माझ्या बाजूला गायकवाड, हातात वही, आणि त्याच्या मागे फक्कीची पाटी घेतलेला मजूर. एकेक ठाणं आलं की मी थांबायची, ओळ पुरी करायची, मजूर भोवती पांढरं रिंगण घालायचा, गायकवाड नाव लिहायचा. चेडोबाला रिंगण पडलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. लग्नात इतकी वर्षं गायले, पण माझ्या गाण्याने जमिनीवर काही उमटताना मी पहिल्यांदाच बघत होते. खरं सांगते, मला चढलं. चोरटा गर्व झाला.

नववं आवतण झालं. बांधाचा बाक आला. मी कमरेच्या ओटीतून तांदूळ काढले, वाकले, बांधाच्या कुशीत सारले आणि एका ओळीइतकी गप्प राहिले. गायकवाडने विचारलं, "इथे काही आहे का, बाई?"

मी ऐकलं होतं. सांगायला मला तोंडच नव्हतं. असं शिकले होते की इथे गप्पच राहायचं, आणि जे शिकले ते नीट केलं म्हणून उलट बरं वाटलं. मी पुढे चालले आणि दहावं लावलं. मागून पांडूदादा त्याला म्हणाला, "काय नाय सायेब, दम घेतला तिनं. चला."

रिंगणं सोळा पडली.

साहेबांनी शब्द पाळला. नळाची वाट बदलली, रिंगणं सोडून नवी रेघ आखू म्हणाले. गावात नारळ फुटले, चरातून उठून लोक घरी गेले. माझ्या घरी कधी न येणारी माणसं आली. कोणी म्हणे, चांगुणाकाकीनं गाव राखला. मी चुलीपुढून उठले नाही. पण ऐकत होते.

आठ-दहा दिवसांनी मी निवट्या धरायला बांधावरून जात होते. चिखलातले ते मासे पकडायला ओहोटी बघून जावं लागतं, म्हणून नजर पाण्याकडे होती. पाय खुंटीला अडखळला. नवी खुंटी, वर लाल फडकं. पुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. मी त्या रेघेवरून बघत गेले. चेडोबाला सोडून, म्हसोबाला सोडून, साती आसरांना हातभर लांब ठेवून ती रेघ सरळ बांधाच्या बाकावर चढली होती. जिथे रिंगण नव्हतं, तिथूनच गेली. दुसरीकडून जाणार कुठून?

मी तिथेच चिखलात बसले. सोळांना वाचवलं आणि सतराव्याच्या अंगावर नळ मीच आणून घातला.

घरी जाऊन पांडूदादाला सांगितलं. दारातच, अर्ध्या दाराआडून.

"दादा, बाकावरशी रेग नको."

"काय हाय बाकावर?"

"हाय कोनतरी."

"कोन?"

मी दार आणखी ओढून घेतलं.

त्याचं डोकं तापलं. "तवा तोंडात मीठ भरलं व्हतं काय? गायकवाडनं इचारलं नाय तुना? मी मागशीच व्हतो. आता सगलं मिटलंय, साहेबानं सही केलीय. तू म्हनशील आजून येक देव हाय. उद्या दुसरी म्हनंल माज्या न्हानीत हाय. सोलाच्या सोला जातील आपले!"

त्याचं चुकत नव्हतं. माझ्याकडे बोलायला नाव असतं तर त्यालाही ते पटलं असतं. नाव होतं, पण ते काढलं तर तो उठणार. नाव घेतलं नाही तर नळ त्याला उठवणार. मी दोन दिवस जेवले नाही. बाय असती तर तिच्या पायाशी बसून विचारलं असतं. पण बाय असती तर तिनेही असंच केलं असतं, हे मला माहीत होतं. तीही बाकापाशी गप्प राहिली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मजूर कुदळी घेऊन बाकाकडे निघालेले दिसले. मी घरातला पाट उचलला, तांदळाचं सूप घेतलं आणि बांधावर गेले. बाकाच्या कुशीत पाट मांडला. समोर मातीचा बांध, म्हणजे भिंतच. त्याच्याकडे तोंड केलं आणि बसले. गाणं नाही, घोषणा नाही. मूठभर तांदूळ पाटाखाली सारले.

मजूर थांबले. एकाने विचारलं, "मावशी, इकडं काय करताय?" मी बांधाकडेच बघत राहिले. त्यांनी आपसांत काही ठरवलं आणि एकाला साहेबांकडे धाडलं. ऊन वर चढलं. पाठीमागे पावलं ऐकू यायची, थांबायची. मग ओळखीचा आवाज आला.

"गो चांगुने, कोनाचं लगीन हाय हितं? नवरी कुटं, नवरा कुटं? आमाला सुपारी नाय दिलीस ती!"

मथी. मी वळून बघितलं. तिने माझं तोंड बघितलं आणि तिची थट्टा थांबली. धवलारीण पाटावर बसली की काहीतरी लागलं आहे, हे आमच्या बायांना सांगावं लागत नाही. मथीने पदर खोचला आणि माझ्या बाजूला मांडी घातली. तिने येणारी-जाणारीला हाक मारली. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया पाट्या उतरवून बसल्या. कशासाठी ते कोणीच विचारलं नाही. दुपारपर्यंत बांधाच्या कुशीत वीस-पंचवीस बाया, सगळ्यांची तोंडं बांधाकडे, सगळ्या चिडीचूप. मथीसुद्धा. मजूर म्हणे एकमेकांना सांगत होते, ओरडणाऱ्या बायकांना आपण हटवू, ह्यांना काय करायचं?

पांडूदादा धावत आला. "वयनी, उठ! लाज आनलीस!" त्याच्या मागोमाग गायकवाड आला. तो एकटाच होता. त्याने पांडूदादाला हाताने थांबवलं आणि माझ्यापासून चार हात लांब, माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला. माणसांची नजर मला सोसत नाही, हे त्याने त्या दिवशी बघून ठेवलं असावं.

"बाई, त्या दिवशी तुम्ही इथे थांबला होता. तांदूळ टाकले होते. मी लिहिलं नाही, चुकलं माझं. आता सांगा, हे पण ठाणं आहे का?"

"हाय."

"कोणाचं?"

"सांगता येत नाय."

"माहीत नाही का सांगता येत नाही?"

"सांगता येत नाय."

त्याने वही मिटून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी देव मानत नाही, बाई. आमच्या घरी तसबीर आहे ती देवाची नाही. पण माझ्या लहानपणी गावच्या रस्त्यासाठी आमची वस्ती हलवली. कोणी विचारायला आलं नव्हतं, इथे कोण राहतं म्हणून. म्हणून मी विचारत फिरतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रेघ मी वाकवून घेतो. साहेबांशी बोलतो. पण नकाशात सोळा ठाण्यांना सोळा नावं आहेत. बिननावाचं ठाणं वर कोणी मंजूर करणार नाही. काहीतरी नाव द्या."

बाया माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी सगळ्यांचे कान माझ्याकडे होते. पांडूदादा म्हणाला, "बोल ना वयनी, कुठलं पन बोल. म्हसोबा बोल!"

ते मला जमलं नाही. एका देवाच्या घरावर दुसऱ्या देवाचं नाव टाकायचं, म्हणजे त्याला घराबाहेर काढल्यासारखंच. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा काय करतात? 'आमचे हे' म्हणतात, पोराचं नाव घेऊन 'त्याचा बाप' म्हणतात. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला आपल्या माणसाच्या आडोशाने हाक मारतात. माझ्याजवळ आडोशाला मीच होते.

मी म्हटलं, "लिवा. चांगुना."

पांडूदादाचं तोंड उघडं पडलं. "आवो सायेब, ही तर..."

"दादा, गप ऱ्हा," मथी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली.

गायकवाडने वही उघडली. पेन्सिल थांबली. "चांगुणा कोण?"

"हितं बसते ती."

त्याने मान वळवून एकदाच बघितलं, पाटाकडे आणि पाटावर बसलेल्या माझ्याकडे. सगळा गाव मला काय नावाने हाक मारतो, हे त्याला त्या चार दिवसांत ऐकू आलं नसेल असं मला वाटत नाही. मिशीखाली काहीतरी हललं. मग त्याने नीट अक्षरात लिहिलं आणि मजुराला फक्की आणायला सांगितली. सतरावं रिंगण माझ्या पाटाभोवती पडलं. मी आतच होते. पांढरं माझ्या लुगड्याच्या काठाला लागलं.

नळाला बाक आला. जोडारी लोक वैतागले होते, सरळ नळाला वाकवायचं म्हणजे तुकडे कापून जोडावे लागतात. कसा कोण जाणे, त्या जोडांतला एक सांधा शेवटपर्यंत नीट बसला नाही. नळ सुरू झाला तसं तिथून पाणी झिरपायला लागलं, करंगळीएवढी धार. गावाला सरकारी नळ यायला पुढे किती वर्षं गेली. तोवर आम्ही त्या सांध्याखाली हंडे लावले. दोनदा दुरुस्त करायला माणसं आली, दोनदा परत गळायला लागला. मथी म्हणायची, "तुजा पावना पानी पाजतो गो." मी हसायची. हा विनोद होता का ते मला अजून ठाऊक नाही.

पुढचं थोडक्यात. मिठागरं गेली. खारीत भराव पडला. सोळांतली काही ठाणी कारखान्यांच्या भिंतींच्या आत गेली. वर्षातून एकदा पहारेकरी आम्हाला नारळ घेऊन आत सोडतो, नव्या पहारेकऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. काही ठाणी नाहीतच आता. रिंगण पडलं होतं, नकाशात नाव होतं, तरी नाहीत. जागा गेली तरी मी त्यांचं आवतण चुकवत नाही. घर पडलं म्हणून नातेवाइकाला लग्नाला बोलवायचं सोडतो का आपण?

लग्नंही बदलली. मागे वाशीला तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये लग्न लावलं. मेढ रोवायला जमीन नाही, तर डालड्याच्या मोठ्या डब्यात माती भरून उंबराची फांदी उभी केली. खालच्या मजल्यावरची बाई सांगायला आली की सोसायटीत मोठ्याने गाणं चालत नाही. मग दारात उभी राहून तिनेच शेवटपर्यंत ऐकलं. मथीची सून सुगंधा आता माझ्याबरोबर येते, ती माइकवर गाते, मला तो धरवत नाही. नववं आवतण झालं की मी तिच्या दंडाला चिमटा काढते, म्हणजे ती थांबते. तिला वाटतं, म्हातारीला दम लागतो. नाव अजून तिच्या कानात सांगितलेलं नाही. सांगायला हवं, भात झोडायचं शेत आता उरलेलं नाही, तरी सांगायला हवं.

बाकाजवळ आता चार मजल्यांच्या इमारती आहेत. बांधाचा उंचवटा तेवढा राहिला आहे, त्याच्यामागे खाडी नाही. नळ आहे, त्याचा बाकही आहे. तिथल्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माणसांनी कुठल्या तरी नकाशात नाव वाचलं आणि गेल्या वर्षी उंचवट्याला पांढऱ्या लाद्या बसवल्या, वर छोटा घुमट, पितळी घंटा, आणि पाटीवर लाल अक्षरात लिहिलं: श्री चांगुणामाता प्रसन्न. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पदर तोंडावर ओढून घरी पळाले आणि आठ दिवस त्या वाटेने गेले नाही.

पण तांदूळ तर ठेवायला हवेत. म्हणून मंगळवारी गेले. रांग होती. माझ्यापुढे एक बाई उभी होती, बोलण्यावरून देशावरची, हातात ओटीचं ताट.

"पहिल्यांदाच आलात का, आजी?"

मी मान हलवली.

"फार जागृत आहे हो ही देवी. माझ्या मुलाला हिच्यामुळे नोकरी लागली. तुम्ही काय मागायचं ते स्वतःचं नाव सांगून मागा, म्हणजे ऐकते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमचं नाव काय?"

मी पदर नाकाखाली ओढला. ती हसली. "असू दे. मनात सांगा. तिला कळतं."

तिने ओटी भरली, डोळे मिटले, घंटा वाजवली आणि माझ्यासाठी बाजूला झाली. मी वाकले. लादी आणि माती यांच्यामध्ये एक फट राहिली आहे, बोटभर. माझी मूठ तिथे बरोबर रिकामी होते. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, जरा लवकर." मी बांधाकडे तोंड केलं आणि एका ओळीइतकी गप्प उभी राहिले.